खेळ पाटीपर्यंत पोहोचावा

भांडुप स्थानकाबाहेरच्या बाजारात आईच्या भाजीच्या टोपल्यांशेजारी बसणारा मुलगा पाव किलो भेंडी आणि अर्धा किलो टोमॅटो यांचा हिशेब तोंडी करतो, सुटे पैसेही चोख परत देतो. तोच मुलगा सातवीच्या वर्गात भागाकाराचे उदाहरण दिसताच मान खाली घालतो. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबत २०२५ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. बाजारातला हिशेब आपोआप वहीत उतरत नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या केवळ ४५.८ टक्के मुलांना साधा भागाकार जमला.

ही मुले मंदबुद्धी नाहीत. त्यांची एक पायरी मागे कुठेतरी निसटली आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला उत्तीर्ण होण्याची अट पुन्हा लागू केल्यापासून त्या निसटलेल्या पायरीची किंमत वाढली आहे. तेरा वर्षांचा मुलगा मित्रांदेखत तिसरीचे पुस्तक उघडणार नाही. सापशिडीला मात्र तो आनंदाने बसेल. खेळाचे खरे मोल इथे आहे. मागे वळण्यातली लाज तो काढून टाकतो.

यासाठी महागडी साधने नकोत. सापशिडीत दोन फासे घ्यावेत, निळ्याने पुढे आणि लाल फाशाने मागे जावे. ऋण संख्या समजू लागतात. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडले-बांधले की हातच्याचे कोडे उलगडते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी तर वजाबाकीचाच खेळ केला. ३५२४ चे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी: ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. हीच कृती पुन्हा केली की ८३५२, आणि नंतर ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबते. ते ६१७४ गाठण्यासाठी मुले कंटाळा न करता वजाबाक्या करतात.

मात्र खेळ म्हणजे अध्यापन नव्हे. दिल्लीतील बालवाड्यांत झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गणिती खेळांमुळे मुलांची संख्यांची जाण टिकाऊपणे वाढली. पण शालेय गणितात त्याचा लाभ दिसला नाही. म्हणून प्रत्येक डावाचा शेवट पाटीवर व्हावा. जे हातांनी केले, ते चिन्हांत लिहिले गेले पाहिजे.

टेंभीपाडा, खिंडीपाडा यांसारख्या वस्त्यांत दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कोपराही मिळत नाही. तेथे चालणाऱ्या अभ्यासिकांना इमारतीपेक्षा माणसांची गरज अधिक आहे. सारे आयुष्य आकडेमोडीत घालवलेले निवृत्त बँक कर्मचारी आणि शिक्षक याच उपनगरात राहतात. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी चार मुलांसमोर फासे टाकावेत. आठवीच्या परीक्षेआधी सुटलेला एक भागाकार त्या मुलाला शाळेत टिकवू शकतो.