विरहाचा गौरव आणि कारणांचा विसर

परदेशस्थ फिलिपिनो समाज आपल्या स्थलांतराच्या कथांचे चित्रपट महोत्सव भरवितो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्यागाचा गौरव करताना त्या त्यागाची कारणे झाकली जाऊ नयेत. १९७४ साली मार्कोस राजवटीने कामगार संहितेद्वारा श्रमशक्तीची निर्यात हे सरकारी धोरणच बनविले. देशात रोजगार निर्माण करण्यापेक्षा माणसे बाहेर धाडून परकीय चलन मिळविणे राज्यकर्त्यांना सोयीचे वाटले. पुढे सरकारे बदलली; धोरण टिकले.

१९९५ साली सिंगापुरात फाशी दिल्या गेलेल्या फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या मोलकरणीवर त्याच वर्षी चित्रपट निघाला. २०१६ च्या ‘संडे ब्यूटी क्वीन’ने हाँगकाँगमधील मोलकरणींचा सुटीचा एकुलता एक दिवस पडद्यावर आणला. त्यातील अश्रू खरे आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी अर्थकारण आहे.

शिवाय या समाजाचा इतिहास केवळ सोसण्याचा नाही. १९६५ साली कॅलिफोर्नियातील डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संपाची ठिणगी पाडली ती लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजुरांनी. मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले आणि १९७० साली मळेमालकांना करार करणे भाग पडले. विरहाच्या कथेशेजारी संघटनेची ही कथाही दाखविली गेली, तरच असे महोत्सव आठवणींपाशी न थांबता हक्कांच्या जाणिवेपर्यंत पोहोचतील.