टाकीचा काटा आणि घरची वही



मागच्या महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली. दारात अंबरनाथच्या आमच्याच वस्तीतला एक ड्रायव्हर उभा होता आणि त्याच्या मागे त्याची आई. मावशींनी खाली टेकायच्या आधीच सांगून टाकले, "भाऊ, माझ्या पोरावर चोरीचा आळ आलाय."

हकीकत अशी. हा मुलगा उल्हासनगरात फर्निचरच्या एका व्यापाऱ्याकडे गाडीवर आहे. गाडी म्हणजे जुनी डिझेल पिकअप, बारा-तेरा पावसाळे खाल्लेली. सकाळी शेटजींनी डिझेलसाठी दोन हजार रुपये दिले. कपाटे, पलंग भरून हा बदलापूर, वांगणी, नेरळ करत कर्जतला गेला, माल उतरवला आणि संध्याकाळी परत आला. गाडी गोदामासमोर लावली. शेटजींनी किल्ली फिरवून काटा पाहिला तर तो लाल रेषेला टेकलेला. "बावीस लिटर डिझेल टाकलं, कर्जतला जाऊन आलास, बाकीचं गेलं कुठं?" याच्याजवळ उत्तर नव्हते. पंपाची पावतीसुद्धा त्याने वाऱ्यावर सोडलेली. उद्या एकतर पगारातून पैसे कापणार, नाहीतर गाडीची किल्ली परत द्यायची.

मी कारकून माणूस. गाडी मला चालवता येत नाही. पण जमा, खर्च आणि शिल्लक हे तर आमचे रोजचे काम. त्याला विचारले, मीटरवर किती किलोमीटर झाले? त्याला आठवत होते, 118. भरलेली गाडी लिटरला किती जाते? "दहा-अकरा, भाऊ." म्हणजे अकरा-बारा लिटर जळाले. टाकलेल्या बावीसमधून तेवढे वजा केले तर दहा-अकरा लिटर टाकीत असायलाच हवे. मग काटा खाली का? गाडी कशी लावली होती, असे विचारल्यावर तो म्हणाला, "गोदामासमोर उतार आहे, नेहमी तिथंच लावतो."

दुसऱ्या दिवशी कामाला अर्धा दिवस सुट्टी टाकून मी त्याच्याबरोबर गेलो. शेटजींना म्हटले, काट्यावर भांडण नको, आपण मोजू या. त्यांचा मुनीम बरोबर घेतला. पंपावर सपाट जागेत गाडी उभी करून टाकी भरली, नोझल पहिल्यांदा बंद पडेपर्यंत. 47 लिटर मावले. गाडीच्या पुस्तकात टाकी 60 लिटरची लिहिलेली. म्हणजे भरण्यापूर्वी टाकीत सुमारे 13 लिटर होते. एखाद-दुसरा लिटर इकडेतिकडे धरा, पण आळ उतरला. शेटजी कुरकुरले खरे, पण पैसे त्यांनीच दिले. डिझेल त्यांच्याच टाकीत गेले होते ना!

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आपली कितीतरी मुले अशा जुन्या गाड्यांवर आहेत. कुणी शेटकडे, कुणी कर्जावर घेतलेल्या स्वतःच्या सेकंडहँड छोट्या हत्तीवर. आणि जुन्या गाडीचा काटा हा साक्षीदार म्हणून फारसा भरवशाचा नसतो.

टाकीच्या आत एका दांड्याला तरंगणारा गोळा असतो. डिझेल कमी झाले की गोळा खाली येतो, दांडा एका पट्टीवर सरकतो आणि त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमी-जास्त होऊन समोरचा काटा हलतो. वर्षानुवर्षे घासून ती पट्टी झिजते. तारेची अर्थिंग गंजली तरी काटा खोटे बोलतो. शिवाय गाडी उतारावर असेल, किंवा एक चाक गटाराच्या कडेला उतरलेले असेल, तर डिझेल एका बाजूला जाते आणि गोळ्याला वाटते टाकी रिकामी झाली. कधी उलट होते. गोळा वरच अडकतो, काटा अर्ध्यावर दिसतो आणि गाडी रस्त्यात बंद पडते. टाकीचा आकारही सरळ चौकोनी असेलच असे नाही, म्हणून काट्याचा अर्धा म्हणजे डिझेलचा अर्धा असे धरू नये.

डिझेल संपत आल्याचा दिवा असतो त्याचेही तसेच. जुन्या गाडीत बल्ब केव्हाच गेलेला असतो आणि न लागणारा दिवा पाहून आपण निर्धास्त असतो. इलेक्ट्रिशियनकडे एकदा तपासून घ्यावे, मोठा खर्च नाही. दिवा चालू असेल तर तो लागल्यावर किती उरते हे एकदा मोजून ठेवावे. दिवा लागला की जवळच्या पंपावर टाकी पूर्ण भरायची आणि टाकीच्या मापातून भरलेले लिटर वजा करायचे. डिझेलच्या टाटा एसची, म्हणजे छोट्या हत्तीची, टाकी 30 लिटरची. तिच्यात दिवा लागल्यावर 25 मावले तर 5 उरले होते. ही आपल्या गाडीची खरी शिल्लक. मित्राच्या गाडीचा आकडा आपल्या कामाचा नाही. आणि त्या पाचातलेही शेवटचे लिटर-दोन लिटर मोजूच नयेत, तळाचा गाळ तिथेच असतो.

आता स्वतःची गाडी असलेल्यांशी थोडे परखड बोलतो. सकाळी 200 चे, दुपारी भाडे मिळाले की 300 चे, रात्री पुन्हा 200 चे डिझेल, ही आपली रीत. हातात रोकड नसते हे मला ठाऊक आहे, बँकेचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दारात उभा असतो. पण एक गोष्ट समजून घ्या. टाकीच्या तळाशी कायम दहा लिटर ठेवले तर लिटरला 90 रुपये धरून 900 रुपये अडकतात. ते एकदाच अडकतात, दर महिन्याला नाही. हिशेबाच्या भाषेत हा खर्च नव्हे, हे भांडवल. गाडी विकाल त्या दिवशीसुद्धा ते टाकीतच असेल. कमी डिझेल टाकून जी बचत वाटते ती बचत नसते, कारण गाडी जेवढी चालते तेवढे जळणारच आहे. तेव्हा काटा पाव टाकीवर आला की टाकी संपली असे समजा. आणि भाडे घरी आणून वाटण्यापूर्वी उद्याचे डिझेल बाजूला काढा. आधी किराणा, मग डिझेल असे झाले की परवा किराणाही नाही.

डिझेल गाडी कोरडी पडली तर पेट्रोल गाडीसारखे चार लिटर ओतून काम भागत नाही. नळीत हवा शिरते. गाडीने एअर घेतली असे मेकॅनिक म्हणतो ते हेच. जुन्या इंजिनात फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून हातपंप मारत बुडबुडे जाईपर्यंत हवा काढता येते. दिवसाउजेडी कुणा जाणकाराकडून हे शिकून घ्या. मात्र कॉमन रेल इंजिन असेल तर जाड दाबाच्या नळ्यांना पाना लावू नका, तिथला दाब माणसाला जखमी करतो. तिथे मेकॅनिकच हवा. रात्री वांगणी-शेलूच्या मधे, पावसात, मालासकट उभे राहिलात तर मेकॅनिकचे पैसे, बुडालेली दुसरी फेरी आणि गिऱ्हाइकाची शिवी, यांची बेरीज 900 च्या वर सहज जाते.

आणि सगळेच आपल्या हातात नसते. 1 आणि 2 जानेवारी 2024 ला हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांचा संप झाला, तेव्हा पंपांवर केवढ्या रांगा लागल्या होत्या ते आठवा. त्या दोन दिवसांत ज्याच्या टाकीत आधीचे डिझेल होते त्याला निदान रांगेत उभे राहायचे नव्हते. वाहतूक कोंडीही धरा. शहाडच्या पुलाशी किंवा काटई रस्त्यावर तासभर इंजिन चालू ठेवून उभे राहिलात तर किलोमीटर शून्य, आणि अर्धा-एक लिटर गेलेला. म्हणून सरासरी 12 निघाली तरी फेरीचा अंदाज 10 ने बांधावा.

ती सरासरी काढायची कशी, तर एका शंभरपानी वहीने. टाकी पूर्ण भरली की मीटरचा आकडा लिहा. पुढे पुन्हा पूर्ण भराल तेव्हा झालेले किलोमीटर भागिले मधल्या काळात टाकलेले सगळे लिटर. 420 किलोमीटरला 35 लिटर लागले तर सरासरी 12. महिन्यातून एकदा एवढे जमले तरी पुरे. रोजच्या 200-300 च्या नोंदी मधे तशाच लिहीत जा, पावती वहीत खोचा. सरासरी एकदम 9 वर आली तर गळती, तुंबलेला एअर फिल्टर, कमी हवेचे टायर पाहा. पंपावर मापाचा संशय आला तर भांडू नका, पाच लिटरचे शासकीय शिक्क्याचे माप मागा. ते पंपावर ठेवावेच लागते आणि त्याने मोजून दाखवा म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे.

मीटरच बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा, त्याशिवाय वहीला अर्थ नाही.

त्या मुलाची वही आता त्याची बायको लिहिते. ती बारावी झालेली आहे, अक्षर त्याच्यापेक्षा चांगले. परवा मावशी बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, सून रोज मीटर विचारती. बुधवारी तेवीस किलोमीटर जास्त निघाले, तर हा पठ्ठ्या शेटच्या गाडीनं मित्रांना घेऊन बारवी धरणावर गेलेला!" शेटजींना अजून कळलेले नाही. त्या फेरीचे डिझेल त्याने स्वतःच्या खिशातून टाकले, तीही नोंद वहीत आहे.

पुढील अंकी गाडीचा विमा संपण्यापूर्वी काय पाहावे, याविषयी.