शॉला घेतलं ते बरंच केलं

जुलै २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राच्या रणजी संघात आला. त्यावर मराठवाड्यातून जो आक्षेप घेतला जातो, तो वरवर बिनतोड वाटतो. बाहेरचा सलामीवीर आणला की घरच्या एका सलामीवीराची जागा गेली. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. तिथला एखादा पोरगा रोज सकाळी बॅट घेऊन मैदानावर जात असेल, तर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने त्याला काय सांगायचं? आक्षेप घेणाऱ्यांचा कळवळा खोटा नाही, पण त्यांचा हिशेब चुकतो. त्या पोराची वाट पृथ्वी शॉने अडवलेली नाही. ती फार आधी आणि फार खालच्या पायरीवर अडते. अंतिम अकरामधल्या एका जागेवरून भांडत बसलो की त्या पायरीकडे कुणी बघतच नाही.

आधी ‘बाहेरचा’ म्हणजे कोण ते पाहू. क्रिकेटमधला महाराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र राज्य नव्हे. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. उरलेले पश्चिम महाराष्ट्र, उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याचे जिल्हे मिळून जो संघ होतो तो महाराष्ट्र. शॉ विरारचा, म्हणजे पालघर जिल्ह्यातला. ऋतुराज गायकवाड पिंपरी-चिंचवडचा. पिंपळगाव रेणुकाईहून पाहिलं तर या दोघांत फरक तो कोणता? दोघंही सारखेच लांबचे. दोघांनाही लहानपणापासून टर्फ विकेट, लेदर बॉल, प्रशिक्षक आणि शनिवार-रविवारचे सामने मिळाले. पुण्याचा मुलगा संघात आला की ‘आपला’ आणि विरारचा आला की ‘परका’, ही वाटणी पुण्यात बसून करणं सोपं आहे. जालन्याने ती का मान्य करावी? जालन्याचं स्वतःचं उदाहरण तर वेगळंच सांगतं. विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. त्याला वर येताना कुण्या पाहुण्याने रोखलं नाही. त्याच्यानंतर जालन्यातून तशी रांग लागली नाही, तीही काही पाहुण्यांमुळे नव्हे.

पाहुण्यांमुळे घरची पोरं मागे पडतात का, याचा पडताळा शेजारीच घेता येतो. विदर्भाला वर्षानुवर्षं कुणी खिजगणतीत धरत नव्हतं. त्यांनी मुंबईचा वसीम जाफर घेतला, कर्नाटकचा गणेश सतीश घेतला, मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आणले. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून त्यांनी पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने आणि शतक ठोकलं ते अक्षय वाडकरने. पुढच्या वर्षी जाफरने हजारावर धावा केल्या आणि अंतिम सामन्यात अकरा बळी घेतले ते आदित्य सरवटेने. म्हणजे पाहुणा एका टोकाला पाय रोवून उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाला घरचे मोठे झाले. २०२४-२५ मध्ये विदर्भ तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा कर्णधार हाच वाडकर होता. नागपूरच्या त्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ३ बाद २४ अशी अवस्था असताना एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि पाहुणा करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारने १५३ काढल्या. समोर नायर नसता तर मालेवारला जास्त संधी मिळाली असती असं म्हणणाऱ्याने तो धावफलक पुन्हा एकदा वाचावा.

‘पण पाहुणा टिकत नाही’ असं यावर म्हटलं जातं. खरंच टिकत नाही; नायर २०२५ मध्ये कर्नाटकाकडे परत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विदर्भाने नागपूरला शेष भारताला हरवून इराणी करंडक जिंकला. सामन्याचा मानकरी ठरला अथर्व तायडे, घरचाच. आणि येण्याजाण्याचं म्हणाल, तर ती काही आजची टूम नाही. सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या आणि नंतर ते बडोद्याचेच झाले. भाऊसाहेब निंबाळकरांच्या १९४८ मधल्या नाबाद ४४३ धावांचा महाराष्ट्राला आजही अभिमान आहे. ते आधी बडोद्याकडून खेळून आले होते आणि पुढे होळकरांच्या संघात गेले. तेव्हा त्यांना कुणी उपरं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

बाहेरचा खेळाडू घ्यावा की नाही हा प्रश्न एरवी खरोखर अवघड असतो, कारण बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये सॅन दिएगोने वॉशिंग्टनकडून हुआन सोतो हा तेवीस वर्षांचा आउटफिल्डर मिळवला. त्यासाठी त्यांनी पाच होतकरू तरुण मोजले. सोतो दीड हंगामात न्यूयॉर्कला गेला. दिलेल्यांपैकी तिघं पुढे वॉशिंग्टनकडून ऑल-स्टार झाले. आपल्या आयपीएलमध्येही संजू सॅमसनसाठी चेन्नईला रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानच्या हवाली करावे लागले. तिथे डोकं धरून बसण्यासारखं काही असतं. रणजीत असा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू जात नाही. महाराष्ट्राने शॉसाठी घरचा सलामीवीर अर्शिन कुलकर्णी मुंबईला दिला नाही. मुंबईने ना-हरकत पत्र दिलं, शॉ आला, आणि सलामीला त्याच्या जोडीला अर्शिनच उतरला. गहुंजेच्या सराव सामन्यात मुंबईविरुद्ध दोघांनी पहिल्या विकेटसाठी ३०५ धावा जोडल्या: अर्शिन १८६, शॉ १८१. घरच्याची जागा गेली म्हणतात ती कुठली?

आता खरा वजनदार आक्षेप घेऊ. शॉच्या बॅटबद्दल कुणाला शंका नाही, त्याच्या वागण्याबद्दल आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं, तेव्हा फिटनेस आणि शिस्तीची कारणं छापून आली. आयपीएलच्या त्या वर्षीच्या लिलावात तो विकला गेला नाही. गहुंजेच्या त्याच सामन्यात बाद झाल्यावर मुंबईच्या खेळाडूंशी त्याची वादावादी झाली, तीही सगळ्यांनी पाहिली. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण खरेदी शहाणपणाची की नाही हे मालाच्या मागच्या आठवड्यातल्या भावावरून ठरत नाही, हे मिरचीच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही. ढिगात हात घालून तो आजचा माल बघतो. महाराष्ट्राच्या हाताला काय लागलं? पंचवीस वर्षांचा फलंदाज. अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात शतक, प्रथम श्रेणीत १३ शतकं, सरासरी ४६ च्या घरात. असा माणूस सुस्थितीत असताना कुठलाच संघ सोडत नाही. तो हाती लागतो ते त्याचं बिनसलेलं असतं म्हणूनच. निर्धोक खेळाडू हवा तर तो अडतिसाव्या वर्षी मिळतो, आणि जलज सक्सेनाच्या रूपाने महाराष्ट्राने तोही घेतलाच. रणजी हंगामातल्या केरळविरुद्धच्या पहिल्या सामन्यात ५ बाद १८ झाल्यावर ऋतुराजच्या ९१ धावांना साथ दिली ती सक्सेनाच्या ४९ धावांनी. शॉ त्या डावात शून्यावर गेला होता. दुसऱ्या डावात त्याने ७५ केल्या. पुढच्याच सामन्यात चंडीगडविरुद्ध पहिल्या डावात ८, दुसऱ्यात १५६ चेंडूंत २२२, आणि सामना खिशात. शून्य, पंचाहत्तर, आठ, दोनशे बावीस: माणूस कसा आहे ते या चार आकड्यांत आलंच. चार दिवसांच्या सामन्यात निर्णायक विजयाचे गुण हवे असतील तर एका सत्रात सामना फिरवणारा एक तरी गडी लागतो. तो रोज चालणार नाही हे गृहीत धरूनच घ्यायचा असतो.

तरी एक मर्यादा मी मानतो. एक-दोन पाहुणे ठीक. अर्धा संघ पाहुण्यांचा झाला, किंवा घरचा सलामीवीर धावा करत असताना केवळ नावासाठी बाहेरचा बसवला, तर हा सगळा युक्तिवाद मी मागे घेईन. आज तसं झालेलं नाही. शिवाय पाहुणा आणल्यामुळे संघटनेची खालची जबाबदारी कमी होत नाही. तालुक्यातला मुलगा बारा-तेरा वर्षांचा होईतो टेनिस बॉलवर खेळतो. टप्पा पडून चेंडू गुडघ्याच्या वर सावकाश येतो, आणि आडव्या बॅटने तो काटेरी कुंपणापलीकडे भिरकावला की षटकार. निवड चाचणीत तोच मुलगा पहिल्यांदा टर्फवर, नव्या लेदर बॉलसमोर उभा राहतो. बाहेर जाणारा चेंडू सोडायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. पाच-सहा चेंडूंत त्याचा निकाल लागतो. त्या नेटमध्ये पृथ्वी शॉ कुठेच नसतो. म्हणून भांडायचंच असेल तर तालुक्याला एक टर्फ विकेट, वर्षाला लेदर बॉलचे ठरावीक सामने आणि एका दिवसाऐवजी आठवडाभराची निवड चाचणी यांसाठी भांडावं, आणि ते भांडण पुण्यात संघटनेच्या दारात जाऊन करावं.