माथेरानचा घोडा आणि आपले उत्तरदायित्व

माथेरानच्या डोंगरावर माणसाने माणसाला ओढून न्यावे, ही गोष्ट अखेर सर्वोच्च न्यायालयास सहन झाली नाही. 6 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने हातरिक्षांची प्रथा अमानुष ठरविली, ती सहा महिन्यांच्या आत बंद करावी असा आदेश दिला आणि गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर हातरिक्षाचालकांसाठी ई-रिक्षांची योजना आखण्यास राज्य सरकारला सांगितले. पैसा नाही ही सबब चालणार नाही, हेही न्यायालयाने बजावले. या निर्णयाचे कोणीही सहृदय मनुष्य स्वागतच करील. आमच्या मते तो फार उशिरा मिळालेला न्याय होय. परंतु एकाला न्याय मिळाला म्हणजे दुसऱ्याला तो आपोआप मिळतो, असे नाही. रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे जू उतरविण्याचा आदेश झाला. त्याच वाटेने चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवरील ओझ्याचे काय, आणि त्या घोड्याच्या जिवावर ज्याची चूल पेटते त्या घोडेवाल्याचे काय, हे दोन प्रश्न अद्याप कोणी नीट विचारलेले नाहीत. ते एकत्र विचारले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

घोडा माथेरानला नवा नाही. 1850 साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट हे या डोंगरावर चढले आणि माथ्यावरच्या रानाला थंड हवेच्या ठिकाणाची कीर्ती लाभली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ मुंबईचे साहेबलोक आणि शेटसावकार नेरळहून घोड्यावर, पालखीत किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षात बसून वर येत. 1907 साली पीरभॉय घराण्याच्या पैशाने आणि जिद्दीने बांधलेली छोटी आगगाडी सुरू झाली. नेरळपासूनचा प्रवास तिने सुकर केला. पण डोंगरावर हिंडणे-फिरणे घोड्याकडेच राहिले. पॅनोरमा असो, शार्लोटचा तलाव असो की सूर्यास्त पाहण्याचे टोक असो, तेथपर्यंत जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटा माणसाच्या पावलांनी आणि घोड्याच्या टापांनीच घडल्या आहेत.

तथापि आजचा घोडा केवळ परंपरेने तेथे टिकला आहे, असे मानणे ही दिशाभूल होईल. तो कायद्याने टिकला आहे. 4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि रुग्णवाहिकेसारखी आपत्कालीन वाहने वगळता नगरपालिका हद्दीत मोटारींना मज्जाव केला. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तेथून बाजारापर्यंतची सुमारे अडीच-तीन किलोमीटरची वाट पायी, छोट्या गाडीने किंवा घोड्यावर बसून तुडवावी लागते. हा मज्जाव आम्हांस मान्य आहे. नव्हे, महाराष्ट्रातील ज्या थोड्या शहाणपणाच्या निर्णयांचा अभिमान धरावा त्यांत त्याची गणना व्हावी. माथेरानची शांतता आणि रान त्यामुळेच वाचले. परंतु मोटारीला बंदी करून सरकारने घोड्याच्या हाती डोंगराची वाहतूक सोपविली, हे विसरता येणार नाही. ज्याला आपण कायद्याने वाहन केले, त्याच्यासाठी वाहनाचे नियम करणे हे आपले कर्तव्य होते. मोटारीसाठी आपण किती उतारू बसवावे, किती भाडे घ्यावे, किती वर्षांनी तपासणी करावी हे सारे ठरविले. घोड्याच्या बाबतीत परवाना दिला आणि बाकीचे दैवावर सोपविले.

त्याचे परिणाम आज सर्वांपुढे आहेत. दस्तुरी नाक्यावर प्रवाशांना चुकीची माहिती देऊन त्यांच्याकडून अवाच्या सवा पैसे उकळले जातात, ही तक्रार इतकी वाढली की मार्च 2025 मध्ये खुद्द माथेरानकरांनीच गाव बंद ठेवून निषेध केला. आपल्याच गावाची बदनामी थांबविण्यासाठी ग्रामस्थांना दुकानांना कुलपे लावावी लागावीत, यातच कारभाराचे अपयश दिसून येते. दुसरी तक्रार धुळीची. डोंगराची जांभ्याची माती टापांनी सैल होते, वाळलेली लीद तीत मिसळते, उन्हाळ्यात ती श्वासावाटे माणसाच्या छातीत जाते आणि पावसाळ्यात उताराने वाहून जाते. तिसरी तक्रार मात्र कोणी दाखल केलेली नाही, कारण तक्रारदारास वाचा नाही.

त्या मुक्या तक्रारदाराची बाजू आकड्यांनीच मांडलेली बरी. जनावरांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे 1960 साली झाला. त्याखाली 1965 साली ओझ्याच्या जनावरांसंबंधी नियम झाले. तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा अधिक भार लादू नये, दिवसाकाठी एकूण नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि विसाव्यावाचून सलग पाच तासांहून अधिक राबवू नये, असे ते नियम सांगतात. पाठीवर बसलेला प्रवासी म्हणजे धान्याचे पोते नव्हे, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु घोड्याच्या कण्याला हा भेद कळत नाही. अश्ववैद्यकातील रूढ संकेत तर असा की, स्वार आणि खोगीर मिळून भार घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पंचमांशाहून फारसा अधिक नसावा. अडीचशे किलोच्या लहानखुऱ्या तट्टाचा पंचमांश पन्नास किलो होतो. सुटीच्या दिवशी नाक्यावर कोणत्या वजनाची मंडळी कोणत्या चणीच्या जनावरावर चढतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या हिशेबावर अधिक भाष्य नको.

आम्ही शाळेत शिकवीत होतो त्या काळी मुलांची एक सहल माथेरानला नेली होती. सातवीतील एका मुलाने घोड्यावर बसण्यास नकार दिला. भीती वाटते का, असे विचारता तो म्हणाला, ''सर, घोडा दमला हे कोण ठरवतं?'' त्या वेळी आम्ही त्याला काहीतरी उत्तर देऊन गप्प केले. ते उत्तर आता आठवत नाही. प्रश्न मात्र आठवतो. तो दमला हे आजही कोणी ठरवीत नाही. प्रवासी ठरवीत नाही, कारण त्याने पैसे मोजलेले असतात. घोडेवाला ठरवू शकत नाही, कारण हंगाम थोड्या दिवसांचा आणि घोड्याचे पोट बारमाही.

येथे घोडेवाल्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. माथेरानात परवानाधारक घोडे सुमारे साडेचारशे आहेत. त्यामागची कुटुंबे ही काही श्रीमंतांची नव्हेत. घोड्याला रोज चंदी-वैरण लागते, खरारा लागतो, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल बदलून घ्यावे लागतात. पोटशूळ उठला तर त्या जनावरास माणसासारखे ओकून मोकळे होता येत नाही. वेळेवर वैद्य मिळाला नाही तर घोडा जातो आणि त्याबरोबर घरची सारी मत्ता जाते. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद होते, प्रवासी रोडावतात, पण घोड्याची भूक रोडावत नाही. म्हणून मे महिन्यात आणि दिवाळीत चार पैसे अधिक मिळवावेत यासाठी तो जनावरास जास्त राबवितो आणि गिऱ्हाइकास जास्त सांगतो. हे समर्थनीय नाही. परंतु अनाकलनीयही नाही. क्रौर्याचे मूळ बहुतेक वेळा दुष्टपणात नसते, अनिश्चिततेत असते.

ई-रिक्षांनी ही अनिश्चितता वाढविली आहे. डिसेंबर 2022 मध्ये त्यांचा पहिला प्रयोग झाला. घोडेवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. पुढे न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या तूर्त वीसवर मर्यादित ठेवली. शाळेत जाणारी मुले, वृद्ध, रुग्ण यांच्यासाठी ई-रिक्षा हवीच, यात आम्हांस शंका नाही. साठ-सत्तर रुपयांचा भाजीपाला आणण्यासाठी ज्याला नाक्यापर्यंत चालावे लागते त्या गावकऱ्याला निसर्गरम्य शांततेचे पाठ देण्याचा आपणा मुंबई-पुणेकरांना अधिकार नाही. परंतु घोडेवाल्यांची भीती निराधार आहे, असेही म्हणवत नाही. आज वीस, उद्या साठ, परवा मोटारच का नको, असे म्हणणारे निघणारच नाहीत, याची हमी कोण देणार?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे लोक देतात. घोडे सरसकट बंद करा, हे एक. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे उदाहरण त्यासाठी पुढे केले जाते. 8 जून 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरविल्या आणि योग्यच केले. डांबरी रस्त्यावर, मोटारींच्या गर्दीत, तबेल्याच्या नावाने असलेल्या कोंदट जागांत त्या जनावरांचे हाल होत. परंतु तेथे चालकांच्या पुनर्वसनाची योजना ठरता ठरता वर्षे उलटली. शिवाय माथेरान म्हणजे नरिमन पॉइंट नव्हे. मातीची वाट, झाडांची सावली आणि थंड हवा ही घोड्याला मानवणारी परिस्थिती आहे. तेथे घोडा असणे हे क्रौर्य नव्हे. तेथे त्याला बेसुमार राबविणे हे क्रौर्य होय. दुसरे सोपे उत्तर म्हणजे जसे चालले आहे तसे चालू द्या. परंपरेच्या नावाने आळस झाकण्याची ही आपली जुनी सवय आहे. हातरिक्षाही परंपराच होती.

आमच्या मते खरा मार्ग कामाच्या वाटणीत आहे. गरजेची वाहतूक ई-रिक्षा आणि छोट्या गाडीकडे असावी. हौसेची सैर घोड्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसविण्यास मुभा दिली, पण आतील रस्ते आणि पदभ्रमणाच्या वाटा यांपासून ते दूर ठेवले. या निर्णयातच पुढील धोरणाचे बीज आहे. ओल्या फरशीवर लोखंडी नाल घसरते. मातीत ती रुतते आणि घोडा सावरतो. तेव्हा मुख्य रस्ता चाकांचा आणि मातीच्या वाटा टापांच्या, अशी विभागणी केली तर दोघांचेही अपघात टळतील. त्या वाटांची धूप थांबविण्यासाठी कडेला दगडी बांध घालणे, पाण्याला चर काढून देणे आणि लीद रोजच्या रोज उचलून तिचे खत करणे, ही काही अशक्य कामे नव्हेत.

याबरोबर चार गोष्टी शासनाने आणि नगरपालिकेने विनाविलंब कराव्यात. एक, परवान्यांची संख्या गोठवून प्रत्येक घोड्याची पशुवैद्याकडून ठराविक मुदतीने तपासणी व्हावी आणि जो अयोग्य ठरेल त्याला हंगामात वाटेवर येऊ देऊ नये. दोन, नाक्यावर एकच खिडकी असावी. तेथे दरपत्रक ठळक लावलेले असावे, पैसे तेथेच भरले जावेत आणि घोडा पाळीने मिळावा. गिऱ्हाइकासाठी घोडेवाल्यांनी एकमेकांवर धावून जाण्याचे कारणच उरता कामा नये. तीन, खिडकीशेजारी साधा वजनकाटा असावा आणि भाराची मर्यादा ओलांडणाऱ्यास नम्रपणे, पण ठामपणे, पायी जाण्यास सांगावे. चार, या खिडकीच्या उत्पन्नातून पावसाळ्यातील चंदी-वैरण, वैद्याचा खर्च आणि म्हाताऱ्या घोड्यांचा सांभाळ यांसाठी निधी उभा राहावा. ज्याने दहा-बारा वर्षे पाठीवरून माणसे वाहिली, त्याला शेवटी बेवारस सोडून देणे हे कोणत्याही धर्मात बसत नाही.

हे सारे करण्यास पैसा लागेल. पण त्याहून अधिक लागेल ती दक्षता. वीर भाई कोतवाल हे याच माथेरानचे. एका गरीब नाभिक कुटुंबात ते जन्मले आणि स्वातंत्र्यासाठी 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर धारातीर्थी पडले. ज्या गावाने असा पुत्र दिला, त्या गावातील कष्टकऱ्याला दर हंगामात आपल्या भाकरीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.

शेवटी एक शब्द वाचकांसाठी. माथेरानला जाणारे बहुसंख्य प्रवासी आपल्यासारखेच आहेत: सुशिक्षित, नोकरदार, वर्षातून दोन दिवस मोकळी हवा शोधणारे. घोड्यावर बसण्यापूर्वी आपण भावाची घासाघीस करतो. त्याऐवजी त्याची पाठ पाहावी, खोगिराखाली जखम आहे का ते विचारावे, किती फेऱ्या झाल्या याची चौकशी करावी आणि उत्तर समाधानकारक नसेल तर चालत जावे. प्रकृती धड असलेल्यास माथेरान पायी पाहणे हेच अधिक सुखाचे आहे. सरकारने नियम करावेत. परंतु नियम होईतो घोडा दमला की नाही हे ठरविण्याचे काम आपणाकडे आहे. सातवीतील त्या मुलाने ते केव्हाच ठरविले होते.