विदर्भाचा रणजी करंडक नशिबाचा नव्हे

अकोल्याच्या जुन्या शहरात विदर्भाच्या रणजी विजयाचा विषय काढला, की कोणीतरी म्हणतेच, "नशिबानं साथ देल्ली, दुसरं काय!" हे मत खोटे आहे आणि आपल्याच पोरांवर अन्याय करणारे आहे.

पहिला आक्षेप असा : 2017-18 च्या उपांत्य सामन्यात कोलकात्यात कर्नाटकावरचा विजय अवघ्या 5 धावांचा होता. खरे आहे, एक चौकार आणि एक दुहेरी धाव, एवढ्यावर सामना उलटला असता. पण रजनीश गुरबाणीने त्या सामन्यात 12 बळी घेतले, ते काय चिठ्ठ्या टाकून? पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने हॅटट्रिक घेतली आणि विदर्भाने दिल्लीचा 9 गडी राखून पराभव केला. 5 धावांत नशीब मावते, 9 गड्यांत मावत नाही.

दुसरा आक्षेप 2024-25 चा. केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित, घरच्या जामठा मैदानावर, करंडक मिळाला तो पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर. पण नाणेफेक केरळने जिंकली होती आणि विदर्भ 3 बाद 24 असा कोसळला होता. तिथून दानिश मालेवारने 153 धावा केल्या. शिवाय केरळ अंतिम फेरीत आला तोच उपांत्य सामन्यातल्या पहिल्या डावाच्या 2 धावांच्या आघाडीवर, क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवरून उडालेल्या झेलामुळे. त्या वर्षी दैव कोणावर प्रसन्न होते, हे उघड आहे.

तिसरा आक्षेप वजनदार : वसीम जाफर, करुण नायर, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित ही सगळी बाहेरची माणसे. त्यांचे ऋण मान्यच आहे. पण योग्य माणूस हेरून आणणे हा नशिबाचा भाग नाही. आणि 2024-25 मध्ये नायरच्या 863 धावांपुढे आपल्याच यश राठोडच्या 960 आहेत; हर्ष दुबेचे 69 बळी हा तर रणजीच्या एका हंगामातला विक्रम आहे.

नशिबाची खरी कसोटी एकच : माणसे बदलल्यावर यश टिकते का? फुटबॉलमध्ये ग्रीसने 2004 चा युरो चषक जिंकला आणि 2006 च्या विश्वचषकाला तो पात्रही ठरला नाही. लेस्टर सिटी 2016 मध्ये इंग्लंडचा विजेता झाला, पुढच्या हंगामात बाराव्या क्रमांकावर गेला. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतो. साठ वर्षे अंतिम फेरी दिसली नाही. मग 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीन विजेतेपदे आणि मध्ये 2023-24 चे उपविजेतेपद. दरम्यान कर्णधारपद फैज फजलकडून अक्षय वाडकरकडे गेले, पंडितांनंतरच्या काळात उस्मान गनी प्रशिक्षक झाले, गोलंदाजांची फळी बदलली.

याचे मूळ खालच्या वयोगटांत आहे. 2017-18 च्याच हंगामात विदर्भाच्या 19 वर्षांखालील संघाने कूचबिहार करंडक जिंकला. अंतिम सामन्यात अकोल्याच्या अथर्व तायडेने 320 धावा केल्या. अकोल्याच्याच आदित्य ठाकरेचे प्रथम श्रेणी पदार्पण इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात झाले. 2025 च्या इराणी करंडकात तायडेने 143 धावा केल्या आणि विदर्भाने शेष भारताला 93 धावांनी हरवले.

हे यश घडवलेले आहे, म्हणूनच ते पुन्हा घडवता येते. नशीब म्हणून हात झटकले, तर जिल्ह्याच्या मैदानांसाठी, खेळपट्ट्यांसाठी, प्रशिक्षकांसाठी कोणाकडे काही मागताही येणार नाही. कष्ट म्हणून मान्य केले, तर तो आपला हक्क ठरतो.