निवृत्त सेनाधिकारी आणि संरक्षण खातं: मधे पाच वर्षांचं अंतर हवं



आज निवृत्त झालेले लष्करप्रमुख उद्या देशाचे संरक्षणमंत्री होऊ शकतात. सहा महिन्यांत संसदेच्या कुठल्याही सभागृहात निवडून आलं की झालं. मधे किती काळ जायला हवा, याबद्दल आपल्या कायद्यात एक ओळही नाही. असा प्रसंग अजून आलेला नाही. म्हणूनच कोणा व्यक्तीचं नाव समोर नसताना हा नियम करून टाकायला हवा.

मंत्रिपदाचा प्रसंग आला नसला, तरी जवळचं उदाहरण घडून गेलं आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात संरक्षण दल प्रमुख जनरल बिपिन रावत गेले आणि त्यांचं पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामं राहिलं. जून २०२२ मध्ये सरकारने तिन्ही दलांच्या नियमांत बदल केला. बासष्ट वर्षं पूर्ण न झालेल्या निवृत्त लेफ्टनंट जनरल किंवा त्या तोडीच्या अधिकाऱ्यालाही या पदावर नेमता येईल, अशी त्यात तरतूद झाली. आदल्या वर्षी मे महिन्यात निवृत्त झालेले लेफ्टनंट जनरल अनिल चौहान सप्टेंबरमध्ये नेमले गेले. त्यांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. प्रश्न नियमाचा आहे. या पदावरचा अधिकारी लष्करी व्यवहार विभागाचा सचिवही असतो, म्हणजे मंत्रालयातल्या एका विभागाचा कारभार त्याच्या हाती असतो. दलप्रमुख साधारणपणे बासष्टाव्या वर्षीच निवृत्त होत असल्याने माजी दलप्रमुख या नियमातून जवळपास वगळलेच जातात. आपले पुण्याचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे एप्रिल २०२२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांची बासष्टी उलटली होती. उरतात ते त्याखालच्या हुद्द्यावरचे, नुकतेच निवृत्त झालेले अधिकारी.

माझा आक्षेप इथे आहे. निवृत्तीनंतरही मोठं पद मिळू शकतं आणि ते देणं सरकारच्या मर्जीवर आहे, हे माहीत असलेल्या सेनापतीला सेवेच्या अखेरच्या वर्षांत सरकारला न आवडणारा सल्ला देणं जड जातं. तो स्वतः कितीही सचोटीचा असो, त्याच्या सल्ल्याकडे लोक संशयाने पाहू लागतात. उलट मंत्र्यालाही आपल्यासमोर बोलणारा अधिकारी सल्ला देतोय की पुढची सोय पाहतोय, हे कळेनासं होतं. यात नुकसान देशाचं होतं.

हे तत्त्व सरकारला ठाऊक नाही असंही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षण दल प्रमुखांचं पद निर्माण करतानाच अट घातली गेली, की पद सोडल्यावर त्या व्यक्तीला कोणतंही सरकारी पद घेता येणार नाही आणि पाच वर्षं पूर्वपरवानगीशिवाय खासगी नोकरीही धरता येणार नाही. अट उत्तम आहे. पण पदावरून उतरताना जे बंधन योग्य ठरतं, ते पदावर चढताना का नको? आणि ते सरकारी निर्णयापुरतं न ठेवता संसदेच्या कायद्यात का नको?

अमेरिकेने १९४७ मध्येच कायदा केला: सेवेतून बाहेर पडून दहा वर्षं झाल्याशिवाय कोणाही लष्करी अधिकाऱ्याला संरक्षणमंत्री होता येणार नाही. २००८ मध्ये ती मुदत सात वर्षांवर आणली गेली. १९५०मध्ये जॉर्ज मार्शल, २०१७मध्ये जेम्स मॅटिस आणि २०२१मध्ये लॉइड ऑस्टिन यांच्यासाठी सूट द्यावी लागली, तेव्हा प्रत्येक वेळी तिथल्या संसदेत उघड मतदान झालं. नियम मोडायचा तर कारण सांगा, हा धडा आपण घ्यावा.

सैन्यातला अनुभव असलेलाच माणूस हे खातं चालवू शकतो, असं काही जण म्हणतात. पण कराडचे वकील यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धातल्या पराभवाच्या छायेत संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १ सप्टेंबर १९६५ रोजी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग छांबमध्ये विमानं पाठवण्याची परवानगी मागायला आले, तेव्हा चव्हाणांनी तिथल्या तिथे होकार दिला. पुढे संरक्षणमंत्री झालेले शरद पवार आणि मनोहर पर्रीकरही सैनिक नव्हते. तज्ज्ञांचं ऐकून निर्णयाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणं, हे मंत्र्याचं काम.

ऐकून न घेतल्याने काय होतं, हेही मराठी माणसाला नीट ठाऊक आहे. पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांनी १९५९-६० मध्येच ईशान्य सीमेवरच्या चिनी धोक्याचा लेखी इशारा दिला होता. तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी तो मनावर घेतला नाही. थोरातांनी सांगायचं ते गणवेशात असताना सांगितलं, निवृत्त झाल्यावर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. अनुभवी सैनिकाचा उपयोग असाही होतो.

निवृत्त सैनिकाने राजकारणात येऊ नये, असं मी म्हणत नाही. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग २०१४ मध्ये मतदारांच्या पाठिंब्यावर निवडून आले, तो त्यांचा हक्क होता. मेजर जसवंतसिंह २००१ मध्ये संरक्षण खातं सांभाळत होते, तोवर त्यांना सैन्य सोडून तीन दशकं उलटली होती. पाच वर्षांच्या अंतराच्या माझ्या मागणीने त्यांची वाट अडली नसती.

वालीवच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्यांच्या फाटकांवर बरेच माजी सैनिक काम करतात. आमच्या फाटकावर नोंदवही सांभाळणारे निवृत्त सुभेदार सांगतात, की पलटणीत राजकारणाचा विषय निघाला की साहेब तिथेच थांबवायचे. हुकूम पक्षाचा नाही, देशाचा आहे, एवढ्यावर जवान जीव द्यायला तयार होतो. ही खात्री वरच्या पायरीवर ढिली होता कामा नये.

सनदी अधिकाऱ्यांना निवडणूक लढवण्याआधी थांबायला लावावं, या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो विषय कायदेमंडळाचा असल्याचं सांगितलं. तेव्हा चेंडू संसदेकडेच आहे. माझी मागणी अशी: मेजर जनरल आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पाच वर्षं संरक्षणमंत्री, राज्यमंत्री किंवा संरक्षण सचिव होता येऊ नये. संरक्षण दल प्रमुख सेवेतल्याच अधिकाऱ्यांतून नेमावा. सूट द्यायची तर कारणं नोंदवून दोन्ही सभागृहांच्या मतदानाने द्यावी. मंत्रिपदासाठी घटनादुरुस्ती लागत असेल, तर तीही करावी. आपल्या जिल्ह्याच्या खासदारांनी हा विषय खासगी विधेयक म्हणून मांडावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

आपला,
एक वाचक
वालीव, वसई (पूर्व), जि. पालघर