चर एकट्याचा नसतो



रानात मीठ फुटलं की आपण नशिबाला बोल लावतो. पण रात्री पाणी सोडून घरी झोपायला गेलं कोण? जादा पाण्यानेच खालचे क्षार वर येतात.

शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आली. पाइप विकत मिळतो. खालच्या शेजाऱ्याची संमती मिळत नाही. त्याच्या रानातून पाणी ओढ्याला गेलं नाही, तर जिप्सम, धैंचा, सगळा खर्च वाया.

आम्हीही उसाच्या नोंदी वाढवल्या, निचऱ्याचं बोललो नाही. ही चूक आमची. यंदा लागणीआधी गटाने एकत्र बसून चराची वाट ठरवावी. आम्ही येतो. बांधाचं भांडण तेवढं घरी ठेवून या.

— ऊस विकास अधिकारी